प्रतिजैविकांचा वापर मोजायचा, पण नेमके काय मोजायचे?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ती)

मी तालुक्याच्या गावातील एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग पाहते. आमच्या औषध समितीने पुढील तिमाहीपासून प्रत्येक डॉक्टरने लिहिलेल्या प्रतिजैविकांची मोजदाद करायचे ठरवले आहे. ठराव एकमताने मंजूर झाला आणि वाद त्यानंतर सुरू झाले. व्यवस्थापनाच्या मते भांडारातून महिन्याला किती रुपयांची प्रतिजैविके गेली एवढा आकडा पुरेसा आहे. आमचे भूलतज्ज्ञ म्हणतात की रुपये मोजले तर स्वस्त सेफ्ट्रायाक्सोन कितीही वापरले तरी ते कोणाच्या डोळ्यावर येणार नाही, आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णाचा जीव वाचवणारे महाग औषध मात्र दर महिन्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहील. वरिष्ठ डॉक्टरांना मुळात आपले नाव तक्त्यावर लागणार हेच मान्य नाही.

मोजण्याची गरज आहे याविषयी मला स्वतःला शंका नाही. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातील २० मोठ्या रुग्णालयांत पाहणी केली, तेव्हा ९,६५२ भरती रुग्णांपैकी ७१.९ टक्के रुग्णांना प्रतिजैविके चालू होती. दिलेल्या औषधांपैकी ५५ टक्के संसर्ग होऊ नये म्हणून दिलेली होती, आणि उपचारासाठी दिलेल्यांपैकी नेमका जंतू कळल्यावर दिलेल्यांचे प्रमाण अवघे ६ टक्के होते. आमच्याकडे चित्र वेगळे असेल असे मानायला मला आधार दिसत नाही.

तर प्रश्न असा की मर्यादित मनुष्यबळ असलेल्या रुग्णालयाने कोणता आकडा धरावा, आणि तो डॉक्टरांपुढे कसा ठेवावा? ज्यांनी असे काम केले आहे किंवा ज्यांच्यावर असे काम झाले आहे, त्या दोघांचेही अनुभव हवे आहेत.

पावसाळी_ओपीडी

ज्यांच्यावर असे काम होऊ घातले आहे त्यांच्या वतीने लिहितो. माझा दवाखाना कोकणात आहे. जुलै-ऑगस्टमध्ये भाताच्या खाचरात दिवसभर उभा राहिलेला माणूस ताप, अंगदुखी आणि लाल डोळे घेऊन येतो, तेव्हा लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळी पाण्यातून होणारा जिवाणूजन्य ताप) अहवाल येईपर्यंत थांबणे मला परवडत नाही आणि त्याला तर मुळीच परवडत नाही. डॉक्सिसायक्लिन मी पहिल्याच दिवशी सुरू करतो. अशा दोन महिन्यांत माझ्या चिठ्ठ्यांमधील प्रतिजैविकांचे प्रमाण तुम्ही शहरातील एखाद्या वातानुकूलित दवाखान्याशेजारी मांडलेत, तर मी बेजबाबदार ठरेन. रुग्ण कोण आहे, ऋतू कोणता आहे आणि सर्वांत जवळची प्रयोगशाळा किती किलोमीटरवर आहे हे ज्या आकड्यात दिसत नाही, तो आकडा न्याय कसा करणार?

शिवाय एक वस्तुस्थिती सांगतो. बुडालेल्या मजुरीचा हिशोब करत बसलेल्या रुग्णाला ‘हा विषाणूजन्य ताप आहे, चार दिवसांत उतरेल’ असे सांगून मी रिकाम्या हाताने पाठवले, तर तो समोरच्या दवाखान्यात जातो आणि तिथे दहा मिनिटांत प्रतिजैविकासह तीन औषधे घेऊन बाहेर पडतो. माझा आकडा सुधारला, गावाचा होता तिथेच राहिला.

चिमूटभर_ओवा

आमच्या गावात मोजायचेच असेल तर आधी सलाईनच्या बाटल्या मोजा. प्रतिजैविकांचा नंबर पुढच्या वर्षी लावू.

पेठेतला_औषधवाला

पावसाळी_ओपीडी यांचा शेवटचा मुद्दा मी आणखी पुढे नेतो. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मोजणारे लोक दुकानाचा गल्ला विसरतात. माझ्याकडे निम्मे लोक चिठ्ठीविना येतात आणि ‘घशाची ती तीन गोळ्यांची पट्टी द्या’ एवढेच म्हणतात. मी नाही म्हटले की पुढच्या चौकात ती मिळते.

‘एच-१’ अनुसूची, म्हणजे औषधविक्रीच्या नियमांतील अधिक कडक यादी, मार्च २०१४ पासून लागू आहे. तीत सेफिक्सिम, सेफ्ट्रायाक्सोन, लेव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम अशी औषधे आहेत. ती विकताना रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. आम्ही ती जपतो. तपासणीला आलेले अधिकारी वही आहे की नाही ते पाहतात. पण तिच्यातल्या नोंदींची बेरीज करून ‘तुमच्या भागात सेफिक्सिम एवढे का जाते’ असे मला आजवर कोणी विचारलेले नाही. त्यात गंमत अशी की लोक ज्या गोळीची पट्टी हक्काने मागतात ते अ‍ॅझिथ्रोमायसिन त्या यादीत नाहीच. ते साध्या ‘एच’ अनुसूचीत आहे, म्हणजे चिठ्ठी त्यालाही लागते, पण वही लागत नाही.

सांख्यिक

धागाकर्तीच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो, कारण एकक कोणते निवडावे यावर बाकी सगळे अवलंबून आहे.

जगभर सर्वाधिक वापरले जाणारे एकक म्हणजे प्रमाणित दैनिक मात्रा, अर्थात डीडीडी. प्रौढ माणसाला त्या औषधाच्या मुख्य उपयोगासाठी दिवसाला सरासरी किती मात्रा लागते, याचे ते जागतिक आरोग्य संघटनेच्या ओस्लो येथील केंद्राने ठरवलेले माप आहे. तोंडाने घ्यायच्या अमॉक्सिसिलिनसाठी ते १.५ ग्रॅम आहे (२०१९ पूर्वी १ ग्रॅम होते, त्यामुळे जुने अहवाल ताडून पाहताना सावध राहावे) आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनसाठी ०.३ ग्रॅम. रुग्णालयात दर १०० खाटा-दिवसांमागे (एक भरलेली खाट एक दिवस म्हणजे एक खाटा-दिवस) किती डीडीडी आणि समाजात दर १,००० लोकांमागे दररोज किती, असे प्रमाण काढतात.

आता दोन चिठ्ठ्या घ्या. पहिलीत अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाच दिवस, एकूण ७.५ ग्रॅम, म्हणजे ५ डीडीडी. दुसरीत अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, तीन दिवस, एकूण १.५ ग्रॅम, म्हणजे पुन्हा ५ डीडीडी. या एककाला दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच दिसतात. उपचाराचे दिवस मोजलेत तर पाचाऐवजी तीनच दिवस लागले म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहिणारा डॉक्टर अधिक संयमी ठरतो. रुपये मोजलेत तर निकाल दुकानदाराच्या दरपत्रकावर. वास्तविक प्रतिरोधाच्या, म्हणजे जंतू औषधाला जुमानेनासे होण्याच्या दृष्टीने पाहिले तर दुसरी चिठ्ठी अधिक काळजीची आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ पासूनच्या ‘अवेअर’ वर्गीकरणात अमॉक्सिसिलिन ‘अ‍ॅक्सेस’ गटात, म्हणजे निःशंकपणे आधी वापरण्याच्या गटात आहे आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ‘वॉच’ गटात, म्हणजे जपून वापरण्याच्या गटात आहे. तिसरा गट ‘रिझर्व्ह’. कोलिस्टिनसारखी अखेरची औषधे त्यात येतात.

म्हणून एकाच आकड्याचा हट्ट धरू नये. एकूण प्रमाणाच्या शेजारी ‘अ‍ॅक्सेस’ गटाचा वाटा मांडावा. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २०३० पर्यंत हा वाटा ७० टक्क्यांवर नेण्याचे ठरले. भारताच्या खासगी क्षेत्रातील २०१९ च्या विक्रीचे विश्लेषण झाले, त्यात तो २७ टक्के भरला आणि ‘वॉच’ गट ५४.९ टक्के. गंमत म्हणजे दर १,००० लोकांमागे दररोज १०.४ डीडीडी हा त्या विश्लेषणातील एकूण आकडा इतर अनेक देशांच्या तुलनेत अजिबात भयंकर नाही. आपण किती खातो यापेक्षा काय खातो याची चिंता मोठी आहे.

पावसाळी_ओपीडी

सांख्यिक, मग माझे डॉक्सिसायक्लिन कोणत्या गटात?

सांख्यिक

‘अ‍ॅक्सेस’ गटात. त्या वाट्यात तुमचा पावसाळा तुम्हाला उलट वर नेईल.

पावसाळी_ओपीडी

तक्ता लावायला मग माझी हरकत थोडी कमी झाली. पूर्ण गेलेली नाही.

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये एका जीपी (कुटुंबवैद्य) दवाखान्यात औषधनिर्माता म्हणून काम करते. इथे मोजदाद अनेक वर्षे चालू आहे आणि तिचे दोन्ही चेहरे मी पाहिले आहेत.

२०१४ मध्ये इथे एक प्रयोग झाला. आपापल्या भागात सर्वाधिक प्रतिजैविके लिहिणाऱ्या २० टक्के दवाखान्यांतील डॉक्टरांना इंग्लंडच्या तत्कालीन मुख्य वैद्यकीय अधिकारी डेम सॅली डेव्हिस यांच्या सहीचे पत्र गेले. ‘तुमच्या भागातील ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी प्रतिजैविके लिहितात’ असे त्यात सौम्य शब्दांत कळवले होते आणि पुढे काय करता येईल याच्या दोन-तीन सोप्या सूचना होत्या. दंड नाही, चौकशी नाही. सोडत काढावी तसे यादृच्छिकपणे निवडून अर्ध्या दवाखान्यांना पत्र पाठवले आणि अर्ध्यांना त्या काळात पाठवले नाही. सहा महिन्यांत पत्र मिळालेल्या गटात लेखन ३.३ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे सुमारे ७३,००० औषधनोंदी कमी. टपालखर्चाच्या मानाने हा परिणाम मोठा आहे.

पावसाळी_ओपीडी यांनी ऋतू आणि रुग्ण यांचा मुद्दा काढला. इथे त्यासाठी नुसती लोकसंख्या न धरता वय आणि लिंग यांनुसार भार दिलेला छेद (ज्याने भागायचे तो आकडा) वापरतात. लहान मुले आणि वृद्ध जास्त असलेल्या दवाखान्याला त्यामुळे अकारण शिक्षा होत नाही. को-अमॉक्सिक्लॅव्ह, सेफॅलोस्पोरिन आणि क्विनोलोन या अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणाऱ्या औषधांचा एकत्रित वाटा १० टक्क्यांच्या आत ठेवण्याचे लक्ष्य वेगळे असते. २०१५ पासून या आकड्यांना स्थानिक आरोग्य मंडळांच्या प्रोत्साहन निधीचीही जोड मिळाली. पैसा जोडला की बैठकीत रुग्णाविषयी कमी आणि आकड्याविषयी अधिक बोलले जाऊ लागते. हे मात्र माझे मत आहे, त्याला पुरावा मागू नये.

अर्धी_पुडी

मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे. कमी लिहिल्याने एखाद्या मुलाचा साधा घसा वाढून त्याचे काही गंभीर झाले, तर ते कोणत्या तक्त्यात दिसणार? तुम्ही सगळे जास्त लिहिल्याचेच मोजत आहात.

थेम्सकाठी

अर्धी_पुडी, हा प्रश्न इथेही विचारला गेला आणि त्याचे उत्तर शोधले गेले. शेकडो दवाखान्यांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की सरासरी ७,००० रुग्णांच्या दवाखान्याने श्वसनसंसर्गाच्या भेटींमध्ये प्रतिजैविक देण्याचे प्रमाण १० टक्क्यांनी घटवले, तर वर्षाला न्यूमोनियाचा अंदाजे एक रुग्ण वाढू शकेल आणि टॉन्सिलशेजारी गळू होण्याचा दहा वर्षांत एक. मेंदूज्वर किंवा कानामागच्या हाडाच्या संसर्गात वाढ आढळली नाही. म्हणजे धोका शून्य नाही, पण लहान आहे, आणि न्यूमोनियावर वेळीच उपचार करता येतात. मात्र आपल्याकडे रुग्ण परत दाखवायला येईलच याची खात्री नसते, हा फरक मी मान्य करते. म्हणूनच रुग्ण पुन्हा किती वेळा आला, किती जणांना भरती करावे लागले, हेही आकड्याशेजारी मोजले पाहिजे.

कोंबडीवडे

आणि पोल्ट्रीत जाते ते कोण मोजणार?

सूक्ष्मदर्शी

रास्त प्रश्न आहे. खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर २०१९ मध्ये बंदी आली तीही याच कारणाने. पण त्यावर वेगळा धागा काढावा, इथे रुग्णालयापुरतेच राहू.

टाके_पक्के

शल्यचिकित्सक म्हणून एक इशारा देतो. कोणताही आकडा जाहीर झाला की माणसे आकडा सुधारतात, काम सुधारेलच असे नाही. सर्दीला प्रतिजैविक दिल्याची मोजदाद सुरू झाली की निदानाच्या रकान्यात ‘सर्दी’ दिसेनाशी होते आणि ‘न्यूमोनियाची शंका’ दिसू लागते. औषध तेच, रुग्ण तोच. मी पूर्वी ज्या रुग्णालयात होतो तिथे हे घडताना पाहिले आहे. त्यामुळे औषधाबरोबर निदानांची वाटणीही दर महिन्याला पाहावी. खोकल्याच्या रुग्णांत न्यूमोनियाचा वाटा अचानक वाढला तर साथ आली असेल किंवा लेखणी बदलली असेल, आणि क्ष-किरण चित्रांची संख्या त्या प्रमाणात वाढली आहे का हे पाहिले की दोन्हींतले काय खरे ते कळते.

दुसरे असे की शल्यचिकित्सकांना मोजायचे असेल तर उपचारातली प्रतिजैविके आणि शस्त्रक्रियेआधीची प्रतिबंधक मात्रा एका टोपलीत टाकू नका.

सूक्ष्मदर्शी

टाके_पक्के, तुमच्या याच मुद्द्यावर मला अडायचे आहे, कारण मी सुरुवातीला दिलेल्या पाहणीतील प्रतिबंधक औषधांच्या ५५ टक्क्यांचा मोठा भाग तिथेच आहे. स्वच्छ, नियोजित शस्त्रक्रियेत छेद घेण्यापूर्वी तासाभराच्या आत सेफॅझोलिनची एक मात्रा बहुतेक वेळा पुरते, आणि शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ प्रतिबंधासाठी औषध चालू ठेवू नये अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ पासूनची शिफारस आहे. आमच्याकडे हर्नियाच्या रुग्णाला सेफ्ट्रायाक्सोन पाच दिवस शिरेतून दिले जाते आणि घरी जाताना सेफिक्सिमची चिठ्ठी मिळते. हे थांबायला नको का?

टाके_पक्के

थांबायला हवे, तत्त्वतः. पण ज्या शस्त्रक्रियागृहाचे दार दिवसभर उघडे-मिट होते, जिथे निर्जंतुकीकरणाच्या यंत्राची चाचणीपट्टी संपलेली असते आणि जिथून रुग्ण पंचवीस किलोमीटर एसटीने प्रवास करून घरी जातो, तिथे जखम चिघळली तर नातेवाईक माझ्या दारात येतात, शिफारस लिहिणाऱ्याच्या दारात नव्हे. पाच दिवसांचे औषध हा माझ्या भीतीचा हप्ता आहे हे मला कळते. ती भीती कमी करायची असेल तर माझ्या प्रतिजैविकांच्या दिवसांसोबत माझ्या रुग्णांच्या जखमा चिघळण्याचे प्रमाणही मोजून मला दाखवा. एका मात्रेवर ठेवलेले आणि पाच दिवस दिलेले रुग्ण सारखेच बरे होतात हे मला माझ्याच आकड्यांत दिसले, तर मला कोणी सांगायची गरज उरणार नाही.

सांख्यिक

टाके_पक्के यांनी या धाग्यातील सर्वांत उपयोगाचे वाक्य लिहिले आहे. फक्त एवढे जोडतो की जखम चिघळणे बहुधा घरी गेल्यावर लक्षात येते, त्यामुळे ३० दिवसांपर्यंत फोन करून विचारपूस केल्याशिवाय तो आकडा खोटाच कमी दिसेल.

कोची_ते_कुर्ला

काही वर्षे केरळमध्ये नोकरीनिमित्त राहिलो आहे. राज्याची स्वतःची प्रतिजैविकप्रतिरोध कृतियोजना असणारे ते देशातील पहिले राज्य, २०१८ पासून. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या औषध नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन अमृत’ सुरू केले. चिठ्ठीविना प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांवर अचानक छापे घातले, आणि प्रतिजैविके निळ्या पाकिटात देण्याची पद्धत आणली. विक्रीत २० ते ३० टक्के घट झाल्याचे सरकारने नंतर जाहीर केले. पेठेतला_औषधवाला यांच्या वहीची बेरीज कोणीतरी केली की काय होते, याचे हे उदाहरण.

पेठेतला_औषधवाला

छापे सगळ्या चौकांत एकाच दिवशी पडले तर माझा त्याला पाठिंबा आहे. एकट्या माझ्या दुकानावर पडले तर नाही.

सांख्यिक

विक्री घटली हे चांगलेच. पण घट अनावश्यक वापरात झाली की गरजू रुग्णाला डॉक्टरपर्यंत जाता आले नाही म्हणून झाली, हे विक्रीच्या आकड्यावरून कळत नाही. औषध का दिले हे जोवर लिहिलेले नसते, तोवर आपण फक्त वजन करत असतो.

उत्तररात्र_ड्यूटी

निवासी डॉक्टर आहे. ‘का दिले ते लिहा’ हे जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने वैद्यकीय महाविद्यालयांना पत्र पाठवून सांगितले आहेच. रात्री तीन वाजता चौदावी भरती करताना मी त्या रकान्यात ‘ताप’ लिहितो. कारण लिहायचे तर ते लिहिण्याजोगी जागा आणि वाचणारे कोणी असावे.

तरीही पद्धत निरुपयोगी नाही. बोस्टन आणि लॉस एंजेलिस येथील ४७ दवाखान्यांतील प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिजैविकाची गरज नसलेल्या श्वसनसंसर्गात ते लिहिताना डॉक्टरला कारण टंकावे लागे आणि ते रुग्णाच्या नोंदीत सर्वांना दिसे. दीड वर्षात अशा अनावश्यक चिठ्ठ्यांचे प्रमाण २३.२ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर आले. सहकाऱ्यांशी तुलना कळवलेल्या गटात १९.९ वरून ३.७ झाले. पण ज्यांच्यावर यातला कोणताच उपाय केला नाही त्या गटातही २४.१ वरून १३.१ झाले! नुसते कोणीतरी पाहत आहे एवढ्यानेही हात आखडतो, असा मी त्याचा अर्थ लावतो. त्यामुळे पहिल्या तिमाहीतच आकडे उतरले तर समितीने पेढे वाटू नयेत.

सूक्ष्मदर्शी

सर्वांचे आभार. समितीपुढे मी असे मांडणार आहे. पहिल्या वर्षी दोनच गोष्टी मोजू: बाह्यरुग्ण विभागात खोकला-सर्दीच्या चिठ्ठ्यांमध्ये प्रतिजैविकाचे प्रमाण व त्यात ‘अ‍ॅक्सेस’चा वाटा, आणि शस्त्रक्रियेनंतर प्रतिबंधक औषध किती दिवस चालले. दुसऱ्यासोबत ३० दिवसांची दूरध्वनी विचारपूस. त्यासाठी एक परिचारिका आठवड्यातून दोन दुपारी मोकळी करून मागेन. नावे भिंतीवर लागणार नाहीत. प्रत्येकाला बंद पाकिटात स्वतःचा आकडा आणि त्याच विभागातील इतरांचा मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) मिळेल. पावसाळ्याची तुलना मागच्या पावसाळ्याशी होईल, हिवाळ्याशी नाही.

बालरोग विभागाचे काय करावे हे मात्र सुचत नाही. तिथे डीडीडी चालणार नाही हे ठाऊक आहे.

सांख्यिक

बरोबर, ते माप प्रौढांसाठी आहे. आठ किलोच्या बाळाला पूर्ण मात्रा दिली तरी ते अर्धवट उपचारासारखे दिसेल. मुलांसाठी उपचाराचे दिवस मोजा. अ‍ॅझिथ्रोमायसिनची अडचण तिथेही येते, म्हणून गटानुसार दिवस वेगळे मांडा.

पेठेतला_औषधवाला

आणि भांडाराच्या नोंदीवरून मोजू नका. कोरड्या पावडरच्या सिरपची बाटली ३० मिलीची येते. कोणाला त्यातले १५ लागते, कोणी अर्धी बाटली पुढच्या तापासाठी फ्रीजमध्ये ठेवतो. बाटली गेली एवढेच भांडाराला कळते.

उत्तररात्र_ड्यूटी

भरती मुलांसाठी परिचारिकांचा औषधतक्ता धरावा, त्यावर प्रत्येक मात्रेची वेळ आणि सही असते. डॉक्टरने लिहिलेले आणि प्रत्यक्ष दिलेले यांतला फरकही तिथेच सापडेल.

सूक्ष्मदर्शी

आमच्याकडे ते तक्ते रुग्णाला घरी सोडल्यावर गठ्ठ्याने अभिलेख कक्षात जातात. उद्या मेट्रनना विचारते की रुग्ण वॉर्डात असतानाच ते पाहता येतील का.